आपाने ‘पाठवा’ दाबलं, पुढे काय?



मी वेबसाइट बनवतो. माझी थोरली बहीण, आमची आपा, दृष्टिहीन आहे. ती एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरते. पडद्यावरचा मजकूर तो तिला वाचून दाखवतो. एका संस्थेसाठी मी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज बनवला आणि आपाला भरून बघायला सांगितलं. तिने सगळं भरलं, ‘पाठवा’ दाबलं आणि थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, “काय रे, गेला का अर्ज?”

गेला नव्हता. पडद्यावर मधोमध पॉप-अप आला होता : ‘उत्पन्नाचा दाखला जोडा’. मला तो दिसत होता, पण स्क्रीन रीडर गप्प होता. खऱ्या अर्जदार मुलीने अर्ज पोचला असं समजून मुदत घालवली असती.

चूक माझी होती आणि दुरुस्तीला एक दुपार पुरली. पॉप-अपला ‘डायलॉग’ हा रोल आणि नाव दिलं. तो उघडताच कीबोर्डचा फोकस आत नेला. बंद होईपर्यंत टॅब आतच फिरेल, एस्केप दाबलं की तो बंद होईल आणि फोकस पुन्हा ‘पाठवा’ बटणावर येईल, अशी सोय केली.

‘फाइल जोडली’ असा मजकूर पान न बदलता मध्येच उमटतो. त्यासाठी ‘एरिया-लाइव्ह’ आहे. ‘पोलाइट’ ठेवलं तर स्क्रीन रीडर चालू वाचन संपवून सांगतो. ‘असर्टिव्ह’ मध्येच तोडतं, म्हणून ते तातडीपुरतंच वापरा. ही चौकट पानावर आधीपासून रिकामी ठेवा आणि मजकूर नंतर भरा. नाहीतर तो अनेकदा वाचलाच जात नाही.

हे कुणावर उपकार नाहीत. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आपण समान नागरिकत्वाची भाषा बोलतो. मग आपल्या संस्थांच्या अर्जांपासून सुरुवात करू या.

आज घरी गेल्यावर एनव्हीडीए डाउनलोड करा. माउस बाजूला ठेवा, डोळे मिटा आणि आपल्याच संस्थेचा अर्ज भरून बघा. जिथे अडाल, तिथे दुरुस्ती करा. नंतर एखाद्या दृष्टिहीन मित्राला तो वापरायला द्या आणि तो काय म्हणतो ते ऐका.