लंडनमधील माझी दोन महिन्यांची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चिटणीसबाईंनी लंडनचा प्रवास सांगा असा आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे. पण प्रवासापेक्षा मी तिथल्या शाळेविषयीच सांगणार आहे.

२०२३ च्या मे महिन्यात नणंदबाईंच्या बाळंतपणासाठी मी वेंब्लीला गेले. तिकडे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. बाळाचे न्हाणे, बाळंतिणीचे खाणेपिणे आटोपूनही दिवस उरतोच! तेव्हा नणंदबाईंनी मला जवळच्या वाचनालयात इंग्रजी बोलण्याच्या वर्गाला घातले. आठवड्यातून दोन दिवस, फी नाही.

वर्गात गवंडीकाम करणारा एक रुमानियाचा तरुण होता, एक गुजराती आजी होत्या, आणि माझ्या शेजारी सोमालियाच्या एक बाई बसत. पहिल्याच दिवशी मास्तरीणबाईंनी प्रत्येकाला शिक्षण विचारले. सोमाली बाई हसत म्हणाल्या, "शाळा नाही. मुळीच नाही." माझी पाळी आली आणि मी चक्क "टेन्थ" म्हणून बसले. खरे म्हणजे सातवीनंतर हायस्कूल सहा किलोमीटरांवर, आणि आई अंथरुणाला खिळलेली. नाव काढले ते काढलेच.

जुलैत गृहपाठ मिळाला. एकटीने एखादे ठिकाण पाहून यायचे व वर्गात सांगायचे. मी किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर निवडले. वेंब्ली पार्कहून भुयारी गाडीने स्विस कॉटेज, पुढे पायी. वाट तिघांना विचारली. दुसऱ्याचे बोलणे काहीच कळले नाही, तरी "थँक्यू" म्हणून निघाले.

१९२१-२२ साली बाबासाहेब आंबेडकर त्या घरात राहत होते. २०१५ साली आपल्या महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. नणंदबाईंनी सांगितलेली हकीकत मी वहीत उतरवून नेली होती. बाबासाहेब प्रथम १९१६ साली तिथे शिकायला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

हे वर्गात इंग्रजीतून सांगताना "अर्धवट" या शब्दापाशी मी अडले. "हाफ" म्हटले, आणि पुढे तोंडून शब्द फुटेना. सोमाली बाईंनी माझा हात धरला. तेव्हा मी सांगून टाकले, "मी टेन्थ नाही. सेव्हन्थ." मास्तरीणबाई म्हणाल्या, "बरे, मग पुढे काय झाले त्यांचे?" कोणी हसले नाही. गुजराती आजींना तर डुलकी लागली होती.

आता एक राहिले. आपल्या मंडळाच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे "दहावी पास" असे आहे. ते माझ्याच हातचे अक्षर आहे. चिटणीसबाई, आज ते खोडून "सातवी" करावे. सतरा नंबरच्या फॉर्मचे पुढे पाहू.