सुकाणू कुणाच्या हाती?

(औंध येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, औंधला समुद्र नाही. तरी नौकेची भाषा इथे नवी नाही. १९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कारभार प्रजेकडे सोपवला. त्या काळच्या वर्तमानपत्री भाषेत, राज्याचं सुकाणू प्रजेच्या हाती आलं. ‘संसारनौके’चं मात्र नवऱ्याकडेच राहिलं.

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेवर माणसं गेली. खरी बोट बुडाली की जाब कप्तानाला विचारतात. संसार बुडाला की बाईला! केंद्रावर मी हे रोज ऐकते.

२०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ ही शिडाची नौका पृथ्वीभोवती नेली. आपलं सुकाणू म्हणजे सातबारा आणि पासबुक. त्यावर आपलं नाव आहे का, आज घरी जाऊन बघा.