चैत्रातला पहिला तांब्या



पाडवा झाला. गुढी उतरली, साखरेची गाठी पोरांनी संपवली. कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, मीठ, हिंग आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून तुम्ही घरातल्या सगळ्यांच्या हातावर ठेवलीत. आता खरं सांगा, स्वतःच्या तोंडात घातलीत का? की ‘माझं राहू दे, नंतर खाते’ म्हणता म्हणता ती वाटीतच सुकून गेली?

हसताय ना? माझ्या घरीही कित्येक वर्षं हेच चाललं होतं. म्हणून आज आरोग्याच्या गोष्टी बोलताना मी लांबलचक यादी सांगणार नाही. चैत्रात झाडाला नवी पालवी फुटते, तशी आपण एकच सवय नव्यानं लावायची. ती म्हणजे पाणी पिण्याची.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी रेडिओवर यायला कशाला हवं? पाणी तर आम्ही पितोच. मग कालचा दिवस आठवा. सकाळी उठल्यापासून दिवे लागेपर्यंत किती पेले पाणी पोटात गेलं? चहा धरू नका. मोजा बोटांवर. माझ्या गटात मी विचारलं तेव्हा बऱ्याच जणींचा हात चार बोटांच्या पुढे गेला नाही. आणि त्या दिवशी आम्ही कांदा काढत होतो, भर उन्हात.

मागच्या चैत्रातली गोष्ट सांगते. माझी धाकटी जाऊ आहे, तिच्याबद्दल. तिला विचारूनच सांगतेय. ती म्हणाली, “सांगा अक्का, पण नाव नका घेऊ.” कांदाकाढणीला आम्ही दहा-बारा जणी जायचो. सकाळी आठला वाकायचं ते संध्याकाळी पाचला सरळ व्हायचं. रान सगळं मोकळं. बांधावरची झाडं कधीच तुटलेली. पलीकडे रस्ता, अलीकडे पुरुषमाणसं पोती भरतायत. लघवीला जायचं कुठं? मग आपण काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणीच पीत नाही. ती पण पीत नव्हती. घरून निघताना चहा, मग थेट संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर पाणी.

आठ-दहा दिवसांनी तिला लघवीला जळजळ व्हायला लागली. आपण म्हणतो ना, ‘उन्हाळी लागली’, तसंच ती समजली. धने-जिऱ्याचं पाणी प्यायली, कुणाला बोलली नाही. मजुरी बुडेल म्हणून कामावर येत राहिली. मग कमरेच्या वर, पाठीत एका बाजूला दुखायला लागलं, तेही तिनं वाकून वाकून दुखतंय म्हणून सोडून दिलं. एका रात्री थंडी वाजून एवढा ताप आला की दात वाजत होते. दवाखान्यात नेलं. लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता. चार दिवस सलाईन आणि इंजेक्शनं. कांद्याच्या सगळ्या हंगामात कमावलेलं त्या चार दिवसांत गेलं, वर गटाकडून कर्ज काढावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, “अगं, पाणी का पीत नव्हतीस?” ती खाली बघत बसली. तिथं मी उभी होते. मलाही उत्तर देता आलं नाही, कारण मीही पीत नव्हते.

मैत्रिणींनो, लघवी तासन् तास दाबून ठेवली आणि पाणी कमी प्यायलं, की जंतूंना वाढायला आयती जागा मिळते. पाणी भरपूर असलं की लघवीवाटे जंतू बाहेर धुतले जातात. शिवाय पाणी कमी पडलं तर मुतखड्याचा त्रास होतो, मलावरोध होतो, डोकं ठणकतं, चक्कर येते. आपण म्हणतो ‘ऊन बाधलं’. बऱ्याचदा पाणी कमी पडलेलं असतं.

मग काय करायचं? आमच्या गटानं काय केलं ते सांगते.

पहिलं काम आडोशाचं. कारण आडोसा नसेल तर पाणी पी म्हणून सांगून उपयोग नाही. आम्ही चार बांबू घेतले, दोन जुन्या साड्या गुंडाळल्या आणि रानाच्या कडेला उभं केलं. खर्च शून्य. काम दुसऱ्या रानात गेलं की बांबू उपटून सोबत न्यायचे. आधी मालकाला सांगायला लाज वाटत होती. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी बोलल्या, “आम्ही माणसं हाय, आम्हाला आडोसा पायजे.” मालक ओशाळला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून पाण्याचा ड्रम आणून ठेवला. जायचं ते दोघी-दोघींनी जायचं, म्हणजे भीतीही नाही.

दुसरं काम वेळेचं. तहान लागायची वाट बघायची नाही. उन्हात काम असेल तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी पेलाभर. आम्ही ठरवलं, प्रत्येक वाफा संपला की पाणी. एकीनं हाक मारायची आणि सगळ्यांनी प्यायचं. एकटी थांबली तर कामचुकार दिसते, सगळ्या थांबल्या तर कुणी बोलत नाही.

आणि तिसरं, सकाळचा पहिला तांब्या. चूल पेटवायच्या आधी, चहाच्या आधी, बसून सावकाश पाणी प्यायचं. घरातल्या कुणाचं काही करायच्या आधीचं हे पहिलं काम स्वतःचं.

पाणी पुरेसं होतंय की नाही, हे ओळखायची सोपी खूण आहे. लघवी फिकट, वाळल्या गवताच्या रंगाची असली तर ठीक. गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी मात्र किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

माठाकडेही बघा. चैत्रात नवा माठ येतो किंवा जुना उतरवतो. तो आतून घासून धुवा, वर झाकण ठेवा, पाणी घ्यायला दांड्याचं ओगराळं ठेवा. हात बुडवलेलं पाणी गार लागेल, पण पोरांना जुलाब लावेल. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर आशाताईंकडून पाणी शुद्ध करायचं औषध मागून घ्या आणि त्या सांगतील तेवढेच थेंब टाका.

आता कैऱ्या आल्यात, पन्हं तर होणारच. कैऱ्या उकडा, गर काढा. वाटीभर गराला दीड-दोन वाट्या गूळ, चवीला मीठ, थोडी वेलची. हा गर बाटलीत भरून रानात न्या, पाण्यात कालवून प्या. घामातून गेलेलं मीठ त्यानं भरून निघतं. साखरेचा आजार असेल त्यांनी गुळाचं पन्हं टाळावं, पातळ ताक प्यावं. रक्तदाब असेल तर मीठ बेतानं.

जुलाब-उलट्या झाल्या तर घरचं मीठ-साखर पाणी लक्षात ठेवा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू द्यायचं नाही.

आणि रानात कुणी बरळायला लागली, अंग चटका बसेल असं तापलं, शुद्ध हरपली, तर ते साधं ऊन लागणं नाही, उष्माघात आहे. सावलीत आणा, लुगडं सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासात जातं.

लघवीला जळजळ, सारखी घाई, ताप किंवा पाठीत दुखणं असेल तर घरगुती इलाज करत बसू नका. उपकेंद्रात जा. दिलेल्या गोळ्या बरं वाटलं तरी पूर्ण संपवा. गरोदर बाईनं तर एक दिवसही थांबू नये.

आता चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालेल. यंदा त्यात एक भर घाला. डाळ आणि पन्हं द्यायचंच, पण आशाताईंना बोलवा आणि सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेता येईल का ते विचारा. बारापेक्षा कमी आलं तर रक्त कमी आहे. गरोदर बाईला अकराचा आकडा धरतात. आणि बोलावताना सगळ्यांना बोलवा. नवरा गेला म्हणून कुणाला दारातून परत पाठवायचं नाही. तहान तिलाही लागते, अशक्तपणा तिलाही येतो.

माझी जाऊ यंदाही कांद्याला येतेय. वाफा संपला की पहिली हाक तिचीच असते, “चला गं, पाणी!” आता तिच्या हाकेवर पलीकडच्या रानातल्या बायासुद्धा उठतात.

तर आजचा गृहपाठ एवढाच. उद्या सकाळी उठाल, तेव्हा पहिला तांब्या स्वतःसाठी. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करण्याआधी एकमेकींना विचारा, “आज किती पेले?” आणि तुमच्या रानात आडोसा नसेल, तर घरातल्या दोन जुन्या साड्या बाजूला काढून ठेवा.

चला, बोलून बोलून माझाही घसा सुकला. पाणी पिते. तुम्हीही उठा आणि प्या. नमस्कार.