आपलंही ताट वाढूया

घरात सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात उरेल ते आपण खातो. भाजी संपली तर चटणी-भाकरीवर भागवतो. ही सवय अंगावर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे.

म्हणून आमच्या गटात बचतीचा हिशेब झाला की आम्ही एकमेकींना विचारतो, "काल तुम्ही स्वतः काय खाल्लं?" नावं कुणी ठेवत नाही, उपाय सुचवतो. डाळीत शेवग्याचा पाला घाला. मटकीला मोड आणा. ताटात लिंबू पिळा, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागतं. चहा ते लागू देत नाही, म्हणून जेवणानंतर तासभर चहा नको.

"सगळ्यांच्या आधी कसं जेवायचं?" असं बऱ्याच जणी म्हणतात. आधी नको, पण भाजी उतरवली की आपला वाटा झाकून ठेवूया. जमेल तेव्हा सगळ्यांसोबतच बसूया. चक्कर येत असेल, दम लागत असेल तर आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्या.

आईचं ताट बघूनच लेक जेवायला शिकते. आज ते भरलेलं दिसू द्या!