तारेची ताकद, जाळ्याचा भरवसा
(वसंत व्याख्यानमालेत झाशी येथे दिलेले व्याख्यान)



बीना, ललितपूर, झाशी, ग्वाल्हेर. पंजाब मेलने येणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ पाठ असते. याच मुलखातल्या बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या वाहिनीची गोष्ट आज सांगायची आहे. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ती ट्रिप झाली आणि देशाच्या वीजजाळ्याचा सारा उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी पुन्हा ट्रिप झाली. या खेपेस उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग कोसळले. साठ कोटींहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला.

तार तुटली नव्हती. उत्तरेत पावसाने ओढ दिल्यामुळे शेतीपंप चालू होते. पश्चिमेत पावसामुळे मागणी उतरलेली. शिल्लक वीज उत्तरेकडे ओढली जात होती, आणि जोडीची वाहिनी ७६५ केव्हीच्या कामासाठी बंद होती. एकटीवर भार आला. दाब उतरला, प्रवाह चढला. संरक्षक रिले या दोहोंच्या गुणोत्तरावरून दोष ओळखतो. गुणोत्तर इतके घसरले की जड भारालाच त्याने दोष मानले आणि वाहिनी बंद केली.

म्हणून ‘जाळे किती वीज सुरक्षित वाहील?’ याचे उत्तर एका तारेच्या जाडीत सापडत नाही. अभियंते संगणकावर सारे जाळे मांडतात. एका विभागातली निर्मिती आणि दुसऱ्यातली मागणी टप्प्याटप्प्याने वाढवतात. दर टप्प्यावर एकेक वाहिनी किंवा संच बंद पडला असे धरून पाहतात: उरलेल्या तारा जास्त तापतात का? दाब टिकतो का? जनित्रे एका तालात फिरतात का? यातली पहिली अडचण जिथे येते, त्याच्या अलीकडचा आकडा म्हणजे एकूण वहनक्षमता. त्यातून राखीव गाळा वजा केला की उरते ती वापरायची क्षमता.

हा गाळा वाया गेलेली वीज वाटते, पण तोच आपला विमा आहे. जुलै २०१२च्या त्या दिवसांत उत्तरेतल्या राज्यांना विजेची ओढ कमी करण्याच्या सूचना मिळत होत्या. या सूचनांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही, हे त्या बिघाडाच्या चौकशी समितीने नोंदवले. वहनक्षमता प्रत्यक्ष परिस्थितीनुसार चालू पाळीतच जलद काढता यावी, असेही तिने सुचवले. मला ही शिफारस सर्वांत मोलाची वाटते. जोडवाहिनी बंद झाली त्या क्षणी जुना आकडाही बंद व्हायला हवा.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एका तालात जोडले. आता रायचूर, झाशी, दिल्ली एकाच ठोक्यावर चालतात. शेजाऱ्याची वीज अडीनडीला मिळते, तशी शेजाऱ्याची चूकही आपल्या दारात येते. नियंत्रण कक्षातून ‘आता पुरे’ असा निरोप आला, तर तो हिशेबातून आलेला असतो. तो मानणे ही सगळ्यांचीच राखण आहे.