पुलावरची पावलं

मी काळेवाडीचा. पहाटेची नमाज झाली की पवनेच्या पुलावरून पिंपरीकडे चालायला निघतो.

आधी मी धावत होतो. पन्नाशीत रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मला वाटलं, चालणं हे म्हाताऱ्यांचं काम. पुण्यात १९८३ साली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा मी शाळकरी पोर होतो, ते वेड कुठंतरी उरलं असावं. आमच्या घरात दखनी बोलतात. बायको म्हणाली, "पीछे कुत्ता लगा क्या जी?" तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला.

चालताना एक तरी पाय जमिनीवर असतोच. धावताना मधेच दोन्ही हवेत जातात, आणि खाली येताना वजनाच्या दुपटी-अडीचपटीनं भार पायावर पडतो. ज्याला सवय आहे त्याचे गुडघे हे छान सोसतात. चूक माझ्या घाईची होती. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं झपझप चाला म्हणते, धावलात तर पंचाहत्तर पुरतात. म्हणजे धावणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो. वाचवून तो काय करतो, कोण जाणे!

तसं धावण्याशी माझं वैर नाही. आळंदीहून पंढरपूरला पायी निघालेले वारकरी वेळापूरजवळ उतारावरून धावा करतात. हजमध्ये सफा आणि मरवाच्या मधे हिरव्या दिव्यांपुरतं पुरुष धावतात, बाकी चालतात. दोन्हीकडे धावणं चिमूटभर, मिठासारखं.

चालताना मला पूल दिसतो. नदीवर पसरलेली जलपर्णी, रात्रपाळी करून परतणारे डोळे, पेटलेला पहिला स्टोव्ह. कवितेची ओळही पावलाच्या ठेक्यात येते. धावताना मला फक्त माझा दम ऐकू यायचा.

गुडघा बरा झाल्यावर बायकोही येऊ लागली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण घरात आम्ही बोलायचो ते गॅस, बिलं, पोरांचं. एका पहाटे पुलाच्या मध्यावर ती म्हणाली, लहानपणी तिचा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला. मला हे ठाऊकच नव्हतं. दोघांचीही नजर समोर होती, म्हणून तिला सांगता आलं असेल.

गोळी काही सुटलेली नाही. त्या दिवशी मात्र आम्ही पिंपरीच्या टोकाला पोचून तसेच पुन्हा मागे वळलो, आणि आणखी एक फेरी मारली.