तुटीचा अर्थसंकल्प आणि आपली घरपट्टी

पावसाळ्यात भुशी धरण, कार्ले, लोहगड पाहण्यास लोक लोटतात. मागे राहिलेला कचरा मात्र लोणावळा नगरपरिषदेस व मावळातील ग्रामपंचायतींनाच उचलावा लागतो. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली. शासनाचे अनुदान वाढविणे आपल्या हाती नाही; घरपट्टी मात्र आहे. तूट आली की पाणीपुरवठा व सफाई यांच्या खर्चास कात्री लावण्याचा मोह होतो. त्याची झळ गरीब वस्तीलाच लागते. त्याऐवजी नवे बंगले व वाढीव बांधकामे यांची नोंद करून आकारणी अद्ययावत करावी, थकबाकी प्रथम ऐपतदारांकडून वसूल करावी आणि जमाखर्च गावी ग्रामसभेपुढे, शहरात फलकावर मांडावा. पैसा कोठे खर्च होतो हे दिसले, तर कर देणाऱ्याचा हात आखडत नाही.